वाळूचा थर कुणाच्या पापाचा?

१५२४ चा सप्टेंबर महिना. वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात येत होता, या खेपेला पोर्तुगालच्या राजाचा व्हाइसरॉय म्हणून. दाभोळच्या आसपास त्याचं आरमार असताना वारा पूर्ण पडला होता, आणि तरीही जहाजं एकाएकी गदगदा हलू लागली. खलाशांची गाळण उडाली. पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवलं आहे की, गामाने आपल्या माणसांना धीर दिला तो असा: भिण्याचं कारण नाही, समुद्रच आपल्याला भिऊन कापतो आहे.

समुद्राच्या तळाशी भूकंप झाला होता. ज्याच्या हाती सत्ता होती त्याने त्या हादऱ्याचा अर्थ स्वतःच्या बाजूने लावला. त्या वेळी किनाऱ्यावरच्या माणसांना काय वाटलं, हे कुठल्याच बखरीत नाही. पण दाभोळच्या उत्तरेला, दापोली तालुक्यातल्या केळशी गावी, खाडीच्या मुखाशी वाळूची एक मोठी टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या पुरातत्त्वज्ञांनी तिचा अभ्यास केला. अलीकडे भूकंपशास्त्रज्ञ सी. पी. राजेंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शंखशिंपल्यांनी भरलेल्या वाळूच्या थराचं वय तपासलं आणि हा थर १५२४ च्या त्सुनामीने आणून टाकला असावा, असं मांडलं. अशा निष्कर्षांवर वाद होतात आणि ते व्हायलाही हवेत. वादळाच्या लाटाही किनाऱ्यावर वाळू आणतात, आणि दोन्हींमधला फरक ओळखणं सोपं नसतं.

एकाच घटनेच्या या दोन नोंदी आहेत. बखरीतल्या नोंदीत अर्थ आहे, अभिमान आहे, बोलणारा माणूस आहे. वाळूतल्या नोंदीत पाणी किती जोरात आलं आणि बरोबर काय घेऊन आलं, एवढंच आहे. धर्माने आणि तत्त्वज्ञानाने हजारो वर्षं विचारलेला एक प्रश्न या दोन नोंदींच्या मधे उभा आहे. निसर्गाचं संकट कुणाला उद्देशून येतं का? त्यात निवाडा असतो का?

या प्रश्नाला हात घालण्याआधी वाळू कशी वाचतात ते पाहायला हवं. थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रा थोंग नावाचं बेट आहे. तिथे किनाऱ्याला समांतर वाळूचे जुने उंचवटे आहेत आणि त्यांच्यामधे गवताळ, पाणथळ पट्टे. २००४ च्या त्सुनामीनंतर क्रुआवन जानकाव, ब्रायन अ‍ॅटवॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सखल भागात चर खणले. चराची भिंत साफ केली की पट्टे स्पष्ट दिसतात. सगळ्यात वर २००४ ची फिकट वाळू. तिच्याखाली कुजलेल्या गवता-मुळांची काळसर माती, शांतपणे, वर्षानुवर्षं साठलेली. आणि त्या मातीखाली पुन्हा तशीच फिकट वाळू. काळ्या मातीची आणि तिची सीमा सुरीने कापल्यासारखी रेखीव. मातीतल्या झाडांच्या सालींच्या तुकड्यांचं कार्बन वय काढलं तेव्हा कळलं की हा खालचा थर साधारण ५५० ते ७०० वर्षांपूर्वीच्या लाटेचा. २००८ साली ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झालं. २००४ ची लाट ‘न भूतो’ म्हणून सांगितली जात होती, ती तशी नव्हती.

वाळू लाटेचीच कशावरून? थर समुद्राकडे जाड आणि जमिनीकडे पातळ होत जातो. तळाशी भरड कण, वर बारीक. त्यात खोल पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचं सापडतात, ती त्या पाणथळीत असण्याचं कारणच नसतं. पाण्याने खरवडून उचललेले चिखलाचे गोळेही कधी कधी त्यात अडकलेले असतात. वादळाची वाळू सहसा इतकी आत जात नाही, आणि लाटा तासन्‌तास येत राहिल्याने तिच्यात पुष्कळ पातळ पापुद्रे दिसतात. एकटा पुरावा कधीच पुरत नाही. चार-पाच खुणा जुळल्या की मग शास्त्रज्ञ बोलतात.

सुमात्राच्या आचे प्रांतात तर निसर्गाने स्वतःच दप्तर सांभाळून ठेवलं होतं. किनाऱ्यावरच्या एका चुनखडीच्या गुहेच्या तोंडाशी खडकाचा उंबरा आहे. रोजची भरती किंवा साधं वादळ तो ओलांडत नाही, त्सुनामी मात्र ओलांडते. गुहेत वटवाघळं राहतात. दोन त्सुनामींच्या मधल्या काळात त्यांची विष्ठा साठत जाते, त्सुनामी आली की तिच्यावर वाळू पसरते. चार्ल्स रुबिन यांच्या गटाने २०१७ साली जाहीर केलं की, आजपासून ७,४०० ते २,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या गुहेत किमान ११ त्सुनामींनी वाळू टाकली. त्यांच्यातलं अंतर कुठल्याच हिशेबात बसत नाही. एकदा दोन हजारांहून अधिक वर्षं काहीच घडलं नाही. आणि एकदा शंभर वर्षांच्या आत अनेक लाटा येऊन गेल्या.

आता हा पुरावा शिक्षेच्या सिद्धांतासमोर ठेवून पाहावा. लाट हा जर पापाचा दंड असेल, तर आचेच्या किनाऱ्यावरची माणसं दोन हजार वर्षं सलग पुण्यवान होती आणि मग एकाच शतकात पुन्हा पुन्हा भ्रष्ट झाली, असं मानावं लागेल. भूगर्भातल्या दोन भूपट्टांचा ताण मात्र हे वेळापत्रक सहज समजावतो. तो साठतो, अडतो, कधी एका झटक्यात सुटतो, कधी तुकड्यातुकड्यांनी.

तरीही शिक्षेची कल्पना सहजासहजी टाकून देता येत नाही, कारण ती मूर्खांची कल्पना नव्हे. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनमध्ये ‘ऑल सेंट्स डे’ होता. सकाळी चर्चेस भरलेली असताना भूकंप झाला, मग समुद्र चढून आला आणि मग आगी लागल्या. प्रार्थना करणारेच मोठ्या संख्येने मेले. गाब्रिएल मालाग्रिदा या जेझुइट पाद्र्याने ही लिस्बनच्या पापांची शिक्षा असल्याचं छापून प्रसिद्ध केलं. व्होल्तेरने कवितेतून संतापून विचारलं की, लिस्बनचं पाप पॅरिसच्या आणि लंडनच्या पापापेक्षा मोठं होतं का. रूसोने त्याला पत्र लिहून वेगळाच मुद्दा काढला: सहा-सात मजल्यांची हजारो घरं एका जागी दाटीने निसर्गाने बांधली नव्हती. आणि पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने देशभरच्या पाद्र्यांकडे एक प्रश्नावली धाडली. भूकंप किती वेळ टिकला, समुद्र आधी आत गेला की आधी वर आला, असे साधे प्रश्न तिच्यात होते. त्या लाटेची वाळू पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर बोका दो रिओ या खोऱ्यात आजही जमिनीखाली दाखवता येते.

आपल्याकडे हाच वाद १९३४ साली झाला, आणि तो दोन फार मोठ्या माणसांमध्ये झाला. १५ जानेवारीला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. महात्मा गांधी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध देशभर दौरा करत होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वराने दिलेली शिक्षा आहे, असं त्यांनी दक्षिणेत सांगितलं. रवींद्रनाथ टागोरांना ते सहन झालं नाही. भौतिक घटनांची कारणं भौतिकच असतात, आणि अन्याय करणारे पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदतात त्यांच्या पायाखालची जमीन हलत नाही, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. गांधींनी ते निवेदन आपल्या ‘हरिजन’मध्ये छापलं आणि स्वतःची श्रद्धाही न सोडता उत्तर दिलं. गांधींच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. ते स्वतःला त्या पापातून वगळत नव्हते. संकटातून आत्मशुद्धीकडे वळावं, एवढीच त्यांची धडपड होती. पण ढिगाऱ्याखाली गेलेल्यांत ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला होता, तेही होते. अन्याय करणाऱ्याला आणि सोसणाऱ्याला एकच शिक्षा देणारा न्याय हा न्याय कसा, हा टागोरांचा प्रश्न अजूनही तसाच उभा आहे.

भारतीय तत्त्वज्ञानाला हा प्रश्न ठाऊक होता. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर दोन आरोप चर्चेला घेतले आहेत: वैषम्य, म्हणजे पक्षपात, आणि नैर्घृण्य, म्हणजे निर्दयपणा. शंकराचार्यांचं उत्तर असं की, ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, भात आणि जव वेगळे उगवतात ते आपापल्या बीजामुळे. म्हणजे फळातला फरक जीवाच्या कर्मातून येतो. माणसामाणसांतल्या फरकाला हे उत्तर चालतं. एक जन्मतः आजारी का आणि दुसरा धडधाकट का, हे त्यातून सांगता येतं. पण लाट फरक करतच नाही. तान्हं मूल, म्हातारा कोळी, पर्यटक, भिकारी, पुजारी, सगळ्यांचं कर्म एकाच सकाळी एकाच वेळी फळाला आलं, असं म्हणायला लागलो की कर्मसिद्धांत काहीच समजावत नाही. जे घडलं त्याच्यावर तो नुसती मोहोर उमटवतो.

यातून बाहेर पडायची वाट बौद्ध परंपरेत फार आधीच दाखवलेली आहे. संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो: माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही जण म्हणतात, ते खरं का? बुद्ध नाही म्हणतो. पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र कोप, ऋतूतला बदल, विषम वागणूक, बाहेरचा आघात आणि कर्माचा विपाक अशी आठ कारणं तो मोजतो. कर्म आठांतलं एक. सगळं दुःख पूर्वकर्माच्या माथी मारणारे लोक अनुभवाला आणि जगात सर्वांना माहीत असलेल्या सत्याला सोडून बोलतात, असंही तो बजावतो. कर्म मानणाऱ्या परंपरेनेच कर्माला मर्यादा घातली, हे विशेष.

म्हणजे वाळूचा थर ईश्वर नाही असं सिद्ध करत नाही. तो प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. तो फक्त एक दावा खोडून काढतो: मेलेल्यांच्या चारित्र्यावर निकाल देण्याचा आपला अधिकार. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी नाताळ साजरा करून वेळांकण्णीच्या किनाऱ्यावर भाविक गर्दी करून होते, त्यांच्यातले शेकडो वाहून गेले. मंदिरासारखं पूजलं जाणारं तिथलं चर्च वाचलं. आचेतल्या लांपुउक गावात घरंदारं पुसली गेली आणि एक मशीद उभी राहिली. वाचलेल्या वास्तूत श्रद्धाळूंना कृपा दिसते. तिच्या भक्कम खांबांमधून पाणी आरपार निघून गेलं, असं इंजिनिअर सांगतो. दोघंही एकाच भिंतीपुढे उभे राहून आपापल्या परीने खरं बोलू शकतात. पण मशीद वाचली म्हणून शेजारची घरं पाप्यांची होती, असा निष्कर्ष निघाला की श्रद्धा संपते आणि क्रौर्य सुरू होतं.

तमिळनाडूतल्या साळुवनकुप्पमला, महाबलिपुरमजवळ, हे आणखी जवळून दिसतं. २००४ च्या लाटांनी तिथला एक कोरीव खडक उघडा पाडला. त्यावरच्या शिलालेखात एका सुब्रह्मण्य मंदिराचा उल्लेख होता. पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं तेव्हा पल्लवकालीन दगडी मंदिराचे अवशेष मिळाले आणि त्यांच्याखाली त्याहून जुनं विटांचं मंदिर. हे मंदिर समुद्रानेच पाडलं असावं, असा उत्खनन करणाऱ्यांचा कयास आहे. तो खरा मानला, तर देवाचंच घर वाहून गेलं. पुढच्या पिढ्यांनी देवाला दोष दिला का, स्वतःला पापी ठरवलं का, ते कुठे लिहिलेलं नाही. पण त्यांनी विटांच्या जागी दगड वापरला आणि मंदिर पुन्हा उभं केलं.

नवव्या शतकातला जपान याहून पुढे गेला. इ. स. ८६९ मध्ये, जोगान कालखंडात, जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप झाला आणि तागाजो या ठाण्याजवळ सुमारे हजार माणसं बुडाली, अशी नोंद राजदरबाराच्या इतिहासात आहे. सम्राट सेइवाने फर्मान काढलं. त्यात संकटाचं मूळ त्याने आपल्या स्वतःच्या अपुऱ्या सद्गुणात शोधलं, प्रजेच्या पापात नव्हे. मृतांचे अंत्यविधी करा, करमाफी द्या, निराधारांना सांभाळा, आणि मदत देताना आपले लोक आणि सीमेवरचे ‘परके’ असा भेद करू नका, असा आदेश त्याने दिला. शिक्षेची भाषा वापरूनही माणूस किती उदार होऊ शकतो, याचं हे उदाहरण आहे. त्याच किनाऱ्यावर ११ मार्च २०११ ला पुन्हा लाट आली. तीनच दिवसांनी तोक्योचे गव्हर्नर शिंतारो इशिहारा यांनी हा जपानी लोकांच्या स्वार्थीपणाला मिळालेला दैवी दंड असल्याचं म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांना माफी मागावी लागली. सम्राटाने दोष स्वतःवर घेतला होता, गव्हर्नरांनी तो दुसऱ्यांवर टाकला.

आणि जोगानची वाळू तोवर अज्ञात राहिली नव्हती, हा या कथेतला सगळ्यात जड भाग. तोहोकू विद्यापीठाचे कोजी मिनोउरा यांनी सेंदाईच्या भातखाचरांखाली तो थर शोधला होता. २००१ साली त्यांच्या गटाने लिहिलं की, गेल्या तीन हजार वर्षांत अशा तीन मोठ्या लाटा येऊन गेल्या, त्यांच्यातलं अंतर ८०० ते १,१०० वर्षांचं आहे, आणि जोगाननंतर ११०० वर्षं उलटून गेली आहेत. २००९ साली भूशास्त्रज्ञ युकिनोबू ओकामुरा यांनी अणुप्रकल्पांच्या सुरक्षेची चर्चा करणाऱ्या सरकारी समितीपुढे जोगानचा मुद्दा आग्रहाने मांडला. त्याच किनाऱ्यावरच्या फुकुशिमा दाइइची या अणुप्रकल्पाची आखणी ५.७ मीटरच्या लाटेसाठी होती. प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या २००८ च्या एका गणितात लाट १५ मीटरच्या वर निघाली होती. संरक्षणाचं काम पुढे ढकललं गेलं. २०११ ला पाणी साधारण तेवढंच चढलं.

इथे धर्माच्या प्रश्नाचं तोंडच फिरतं. लाट कुणी पाठवली, हे विचारण्यात आपण शतकं घालवली. वाळू वाचता यायला लागल्यापासून दुसरा प्रश्न टाळता येत नाही: माहीत असताना आपण काय केलं? आसमानी संकटाची सुलतानी होते ती या जागी. ८६९ च्या तागाजोतल्या माणसाला दोष देता येत नाही, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. २०११ च्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. पाप हा शब्द वापरायचाच असेल, तर तो भूपट्टांना लागू पडत नाही. चर खणून मिळालेलं ज्ञान फाइलमध्ये ठेवण्याला लागू पडतो.

मग धर्माचं काम काय उरतं? पुष्कळ उरतं, आणि ते विज्ञानाला एकट्याने जमणारं नाही. सुमात्राच्या पश्चिमेला सिमेउलुए बेट आहे. १९०७ साली तिथे त्सुनामीने फार मोठी हानी केली. तेव्हापासून आजी-आजोबा नातवंडांना ‘स्मोंग’ची गोष्ट सांगत आले, गाण्यांतून, अंगाईतून: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला की थांबू नका, डोंगराकडे पळा. २००४ चा भूकंप या बेटाच्या अगदी जवळ झाला. बेटावर सुमारे ७८,००० लोक होते, मेले सात. ना सायरन होता, ना उपग्रह. सेंदाईत नामिवाके नावाचं एक छोटं देऊळ आहे. जुन्या त्सुनामीचं पाणी जिथे दुभंगलं ती जागा ते देऊळ दाखवतं, असं परंपरा सांगते. २०११ ची लाट त्या देवळापर्यंत पोचली नाही.

शंभर, पाचशे, हजार वर्षं एखादी गोष्ट लक्षात ठेवायची तर सरकारी परिपत्रक पुरत नाही. सरकारं बदलतात, खाती बंद होतात, अधिकारी निवृत्त होतात. टिकतात ती देवळं, दर्गे, जत्रा, व्रतं, आजीच्या तोंडची गोष्ट. मेलेल्यांबद्दलची करुणा आणि अजून न जन्मलेल्यांबद्दलची काळजी एकाच विधीत बांधून ठेवण्याची ताकद धर्माकडे आहे. लाटेला शिक्षा ठरवण्यात ती खर्ची पडली, तर ती वाया जाते.

कोकणाला हे लागू आहे. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरानच्या समुद्रातल्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली आणि माणसं बुडाली. आज तिची आठवण किती घरांत सांगितली जाते? हैदराबादचं इन्कॉइस हे केंद्र २००७ पासून हिंदी महासागरासाठी त्सुनामीचे इशारे देतं. ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या गावांनी २०२० साली युनेस्कोची ‘त्सुनामी रेडी’ मान्यता मिळवली, ती कुठे पळायचं याचे नकाशे आणि सराव गावाने स्वतः केल्यावर. नारळी पौर्णिमेला कोकणातला कोळी समुद्राला नारळ देतो, वर्षभराची मासेमारी सुरू करतो. त्याच दिवशी गावातल्या पोरांना १५२४ ची आणि १९४५ ची गोष्ट सांगता येईल, पाणी एकाएकी मागे हटलं तर कुठल्या टेकाडावर जायचं ते पायी चालून दाखवता येईल. केळशीसारख्या ठिकाणी वाळूचा जुना थर उघडा पडला आहे, तो रस्ते आणि बांधकामं पुसून टाकायच्या आत जपता येईल. यासाठी लागतात ती गावची मंडळी, देवस्थानाचे विश्वस्त, दर्ग्याचे मुजावर, शाळेचे शिक्षक आणि वाळू वाचू शकणारा एखादा भूशास्त्रज्ञ.